मास्कची तार : एक किलो वापरून झाल्यावर

थ्रीडी प्रिंटरसाठी मास्कपासून केलेली प्लॅस्टिकची तार मिळते. तिच्या रिळावर चिकटवलेल्या कागदावर हिरवं पान छापलंय आणि त्याखाली ओळ आहे, 'या रिळात 250 मास्क आहेत.' माझा धंदा मोटर वाइंडिंगचा. तांब्याच्या तारेचं रीळ काट्यावर ठेवल्याशिवाय मी आजवर कधी पैसे दिलेले नाहीत. तेव्हा हे 250 पण मोजून बघायचं ठरवलं.

दुकान दापोलीत. पंप, मिक्सर, पंखे, फवारणीची यंत्रं, जे बंद पडेल ते येतं. थ्रीडी प्रिंटर (प्लॅस्टिकची तार वितळवून बारीक तोटीतून, म्हणजे नोझलमधून, थरावर थर घालत वस्तू काढणारं यंत्र) माझा नाही, लेकीचा. लॉकडाऊनमध्ये ती पुण्याहून कॉलेजचं सामान घेऊन घरी आली त्यात तो आला, आणि पुढे नोकरीला गेली तेव्हा इथेच राहिला. वर्षभर मी त्यावर जुना टॉवेल घालून ठेवला होता. मग एका जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरची खुंटी चिपळूणपर्यंत शोधूनही मिळेना. लेकीने फोनवर सांगितलं तशी बटणं दाबत गेलो आणि रात्री अकराला खुंटी हातात आली. त्या दिवसापासून टॉवेल पुसायच्या कामाला परत गेला.

मास्कच्या तारेचं रीळ तिनेच दिवाळीला पाठवलं. किलोला 1,750 रुपये, वर कुरियरचे 120. साधी पीएलएची, म्हणजे प्रिंटरला नेहमी वापरतात त्या प्लॅस्टिकची, तार हजाराच्या आसपास पडते, म्हणजे ही चांगलीच महाग. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे कुरकूर बरीच आहे, आणि माणसं फोनवर तरी सभ्य होती.

आधी वजन. कपाटात 2021 मधला 50 मास्कचा एक खोका निम्मा भरलेला पडून होता. (बाकीचे निम्मे व्हॉर्निश गाळायला वापरले. फार बारीक गाळतात, थेंब थेंब पडत बसतं.) एक मास्क भरला 3.1 ग्रॅम. कानाचे पट्टे आणि नाकावरची तार काढून टाकली तर उरले अडीच ग्रॅम. पट्ट्यात ताणणारा धागा असतो, तार धातूची. या दोन्हीचा प्रिंटरच्या तारेला काही उपयोग नाही. कामाचं ते मधलं कापड. त्याचे तीन थर, तिन्ही पॉलिप्रॉपिलिनचे. बादल्या, तांदळाच्या विणलेल्या पिशव्या, खोकी बांधायची चिकटपट्टी ज्याची होते तेच. म्हणजे 250 मास्क गुणिले अडीच, झाले 625 ग्रॅम. रीळ एक किलोचं. उरलेले 375 ग्रॅम काय आहे?

फोन केला. तिकडच्या मुलाने 'विचारून सांगतो' म्हटलं आणि दोन दिवसांनी खरंच सांगितलं. बाकीचं दुसरं जुनं पॉलिप्रॉपिलिन आणि रंग. मी म्हटलं ठीक आहे, पण मास्क कुठून आणता? तेव्हा कळलं की बहुतेक माल हा मास्कच्या कारखान्यातली कात्रणं आणि मुदत संपलेले न उघडलेले खोके. लोकांनी तोंडाला लावून टाकलेले मास्क त्यात थोडेच. कागदावर मात्र 'वापरून फेकलेल्या मास्कपासून' असं छापलंय.

याचा मला राग आला, पण लेक म्हणाली, "बाबा, वापरलेला मास्क त्यांच्यापर्यंत पोचणार कसा?" तिचं म्हणणं बरोबर होतं. दवाखान्यातले मास्क पिवळ्या पिशवीत जात होते आणि तिथून जाळायला. घरातल्या मास्कसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये सांगितलं होतं की कापा, कागदी पिशवीत 72 तास ठेवा आणि मग सुक्या कचऱ्यात टाका. आमच्या आळीत हे किती जणांनी केलं असेल? मी स्वतः केलं नाही. मास्क गेले ओल्या-सुक्याच्या एकाच डब्यात, गटारात, आणि गटारातून जिथे सगळं जातं तिथे. ते गोळा करा, निर्जंतुक करा, मग एकेकाचे पट्टे आणि तार हाताने ओढून काढा. अडीच ग्रॅम मालासाठी हा उद्योग कोण परवडून करील? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीपीई किटचं प्लॅस्टिक वितळवून त्याच्या वस्तू करून दाखवल्या होत्या. गुजरातेत बिनीश देसाई यांनी मास्क आणि किटच्या चुऱ्यात कागदाचा लगदा घालून विटा केल्या. ऑस्ट्रेलियात आरएमआयटी विद्यापीठाने 2021 मध्ये हिशेब मांडला की रस्त्याच्या पायात मास्कचा चुरा घातला तर दुपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला 30 लाख मास्क लागतील. त्यापुढे माझ्या रिळातले 250 म्हणजे दर्यात खसखस. पण रस्त्याला चिंधी चालते, कशीही कापलेली. प्रिंटरची तार 1.75 मिलिमीटर म्हणजे 1.75च लागते.

आणि ती तशी नाही. व्हर्नियरने दर दोन हातांवर मोजली. कुठे 1.68, कुठे 1.83. आमच्या धंद्यात अशी तार आली तर रीळ दुकानदाराच्या अंगावर फेकतात. जाड जागा आली की नोझल गुरगुरतं, बारीक आली की भिंतीत भोकं पडतात. तारेत कुठेकुठे काळा कणही आहे. 0.4 मिलिमीटर भोकाचं नोझल पहिल्या आठवड्यात दोनदा तुंबलं. सुईने साफ केलं, तिसऱ्या वेळी वैतागून 0.6चं लावलं. मग तुंबलं नाही. घेणार असाल तर थेट मोठंच नोझल लावा, माझे दोन दिवस गेले ते तुमचे जाऊ नयेत.

दुसरी कटकट चिकटण्याची. पॉलिप्रॉपिलिन कशालाच चिकटत नाही, म्हणून तर त्याच्या बादल्या पटकन धुतल्या जातात. प्रिंटरच्या पाटावर पहिला थर पडायचा आणि नोझलला गुंडाळून वर यायचा. गोंद लावला, केसांना मारायचा फवारा मारला, काही नाही. शेवटी आंब्याच्या पेट्यांना लावतो ती तपकिरी चिकटपट्टी पाटावर ओढली आणि तार तिच्यावर अशी बसली की सुटेना. ती पट्टी पॉलिप्रॉपिलिनचीच, आपल्या जातीच्याला तेवढं धरून ठेवतं. पाट 85 अंशांवर, नोझल 230, प्रिंटरचा पंखा बंद. तरी थंड होताना माल आकसतो आणि कोपरे वर उचलतात, उन्हात टाकलेल्या फळीसारखे. चौकोनी वस्तू काढूच नका. गोल काढा, आणि बुडाला चारी बाजूंनी रुंद कड सोडा.

तिसरी गोष्ट धाग्यांची. नोझल एका जागेवरून दुसरीकडे गेलं की मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. लेकीने कारण सांगितलं ते मला पाकावरून कळलं. मास्कच्या बाहेरच्या दोन थरांचं प्लॅस्टिक वितळल्यावर दाट असतं, आणि मधला थर, जो खरा गाळतो, त्याचं प्लॅस्टिक मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, फुंकून केसापेक्षा बारीक धागा निघावा म्हणून. दोन्ही एकत्र वितळवलं की एकतारी पाक होतो. बोटाला बोट लावून उचललं की तार सुटणारच. तापमान दहाने उतरवलं तर धागे कमी होतात पण थर एकमेकांना नीट धरत नाहीत. मी धागे पत्करले आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून जाळतो. वास येतो मेणाचा, खिडकी उघडी ठेवा.

आता चांगलं. आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये भिंतीला हात लावला तर ओला होतो. पीएलएचं रीळ आठवडाभर उघडं राहिलं तर तारेत पाणी शिरतं आणि छापताना ती तडतडते, मोहरीसारखी. तांदळाच्या डब्यात रिळं ठेवायची पाळी आलेली आहे, बायकोने त्यावर काय म्हटलं ते लिहीत नाही. पॉलिप्रॉपिलिन पाणी पीतच नाही. याच तारेचे थोडे नमुने मी गणपतीपर्यंत उघडे ठेवून बघणार आहे, पण आत्ता मे महिन्याच्या दमट हवेतही फरक नाही. आणि पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला पीएलएचा भाग दुपारी वाकलेला मिळतो. हे नाही वाकत.

काढलेल्या वस्तूंपैकी मिक्सरचा कपलर (मोटरची फिरकी भांड्याला देणारं दातांचं चाक) सपशेल फसला. दात काढले सुबक, पण माल मऊ. शेजारच्या वहिनींनी ओल्या खोबऱ्याची चटणी लावली, अर्ध्या मिनिटात दात गुळगुळीत आणि मोटर नुसती फिरतेय. हसू आलं मला, त्यांना नाही आलं. दुसऱ्या दिवशी विकतचा रबरी कपलर फुकट बसवून दिला. भांड्याच्या आतला किंवा खाण्याला लागणारा कुठलाही भाग मात्र या तारेचा काढत नाही, आधीच सांगतो.

पैसे वसूल झाले ते फवारणी पंपाच्या झाकणात. पाठीवरचा बॅटरीचा पंप असतो त्याच्या टाकीचं झाकण. मोहराच्या दिवसांत एक बागायतदार काका पंप घेऊन आले. मोटर चांगली, बॅटरी चांगली, टाकी चांगली, झाकणाचे आटे गेलेले. पाठीवर घेऊन वाकलं की औषध मानेवर. झाकण सुटं कुठे मिळत नाही, दुकानदार म्हणतो नवीन पंप घ्या. काकांनी तोवर प्लॅस्टिकची पिशवी लावून वर रबर गुंडाळलं होतं. मी आटे मोजले, लेकीने रात्री चित्र पाठवलं, पहिलं झाकण ढिलं झालं, दुसरं घट्ट, तिसरं बसलं. या मालाचा मऊपणा इथे कामाला आला. वायसर न लावताही झाकण आवळलं की स्वतःच दबून बसतं. औषधांचंही त्याला काही होत नाही. काकांनी पंप पाण्याने भरून दुकानातच उलटा धरला, माझ्या पायावर. एक थेंब नाही पडला. मग ती बातमी वाडीभर गेली. त्यानंतर आणखी चार झाकणं झाली.

आता ज्यासाठी हे रीळ विकतात त्या पर्यावरणाकडे. माझ्याकडे विजेचा एक छोटा मीटर आहे, प्लगमध्ये बसतो. झाकणाचं वजन 46 ग्रॅम. काट्याच्या हिशेबाने त्यात साडेअकरा मास्क. छापायला लागले पाच तास वीस मिनिटं आणि 0.71 युनिट वीज. आपल्या देशातल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा आकडा. म्हणजे एका झाकणाला अर्धा किलो. तेच 46 ग्रॅम प्लॅस्टिक कोणी जाळलं असतं तर सुमारे 145 ग्रॅम निघाला असता. नवं पॉलिप्रॉपिलिन बनवायचं वाचलं त्याचे किलोमागे दीड-दोन किलो धरा, म्हणजे आणखी 70 ते 90 ग्रॅम. सगळी बेरीज करून वाचले फार तर 235 ग्रॅम, खर्च झाले 500. पाट 85 अंशांवर तापवत ठेवावा लागतो ना, तिथे वीज जाते. हेच झाकण पीएलएचं एकदा काढून बघितलं तर 0.45 युनिटात झालं. (औषधाने आणि उन्हाच्या तापाने ते टिकलं नसतं, तो भाग वेगळा.)

मी हा हिशेब लेकीला पाठवला. वाटलं होतं ती चूक काढेल. तिने चूक काढली नाही, एवढंच लिहिलं, "आणि पंप?" काकांचा पंप रिकामा असताना साडेचार किलो भरतो. त्यात तांबं आहे, बॅटरी आहे, चार्जर आहे. तो भंगारात गेला नाही, नवा आला नाही, त्याचा ट्रक कशेडी घाट चढला नाही. अर्धा किलो तिथे फिटतो, आणि कितीतरी पटींनी फिटतो. पण मग ते मास्कच्या तारेचं कौतुक नाही, झाकणाचं आहे. साध्या पॉलिप्रॉपिलिनच्या तारेचं झाकण काढलं असतं तरी पंप वाचलाच असता. आणि कुणी याच तारेचा गणपतीपुढचा मोर किंवा किल्लीला अडकवायचा कासव काढून 'मास्कपासून बनवलेलं' म्हणून विकत असेल, तर त्याने मास्क तर वाचवला नाहीच, वीज मात्र जाळली. असे कासव मी वेळासच्या कासव महोत्सवाला गेलेल्या एका पाहुण्याच्या हातात पाहिलेत. कुठल्या तारेचे होते देव जाणे.

हर्णैचा किस्सा सांगतो. बंदरावरचे एक तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे म्होरके, माझ्याकडे बोटीच्या डायनामोसाठी येतात. त्यांना जाळं शिवायची सुई काढून दिली, 14 ग्रॅमची, लांब, मधे जीभ असलेली. ती जीभ वाकायला हवी आणि मोडायला नको, आणि पॉलिप्रॉपिलिन हजार वेळा वाकतं. तांडेलांना आवडली. बादलीत टाकून बघितली तर तरंगली. "भाऊ, हे बेस्ट! आमची पोरं दिवसाआड एक पाण्यात घालवतात. ही दिसंल तरी." आठ आणखी नेल्या. मग म्हणाले, जाळं तरंगत ठेवायला लावतात ते बोये काढून द्या, शंभर-दोनशे.

तिथे मी अडलो. जानेवारीत स्लॅबवर या तारेच्या सहा पट्ट्या खिळ्याने ठोकून ठेवल्या होत्या, उन्हाला काय होतं बघायला. सुरुवातीला त्या आंब्याच्या साठासारख्या होत्या, गुंडाळा, सोडा, परत सरळ. मार्चअखेर वरून पांढुरक्या झाल्या. मेमध्ये बोटाने घासलं तर खडूसारखी पूड लागली, वाकवली तर पोह्याच्या पापडासारखी कटकन मोडली. मास्क बनवताना तो वर्षानुवर्षं उन्हात राहील असं कोणी धरत नाही, उन्हापासून वाचवणारं त्यात काही घातलेलं नसतं, आणि कंपनीनेही वरून काही घातलेलं दिसत नाही. बोया म्हणजे बाराही महिने ऊन आणि खारं पाणी. वर्षभरात त्याची पूड होऊन समुद्रात.

2021च्या पावसाळ्यात मुरुडच्या किनाऱ्यावर फिरायला जायचो तेव्हा भरतीच्या रेघेवर सुरूच्या काड्या, थर्माकोल, चपला आणि त्यात निळे मास्क असायचे. काहींचे पट्टे शेवाळात गुंतलेले. इटलीतल्या मिलानो-बिकोका विद्यापीठातल्या लोकांनी त्याच वर्षी एक मास्क प्रयोगशाळेत उन्हासारख्या प्रकाशात ठेवून मग खाऱ्या पाण्यात घुसळला, तर एकट्या मास्कमधून दिवसाला 1,73,000 पर्यंत बारीक तंतू सुटले. हाँगकाँगच्या ओशन्सएशिया संस्थेचा अंदाज होता की एकट्या 2020 सालात 156 कोटी मास्क समुद्रात गेले. त्यातला एकही माझ्या रिळात नाही, हे फोनवरच कळलं होतं. निदान रिळातले तरी मी तिकडे पाठवू नयेत. तांडेलांना पट्टीचा तुकडा मोडून दाखवला. ते बराच वेळ बोटावरची पूड बघत होते. मग म्हणाले, "मग सुईचं काय?" सुई रात्री खोलीत असते, उन्हात नसते, असं मी म्हटलं. ते खरं आहे, पण पाण्यात पडलेली किती परत आली हे मी त्यांना विचारलेलं नाही.

कचऱ्याचा हिशेब द्यायचा राहिला. आजवर 910 ग्रॅम तार गेली. त्यातली कामाच्या वस्तूंत 560. बाकी 350 ग्रॅम म्हणजे फसलेली झाकणं, वाकलेले कोपरे, कड, धागे, चिकटपट्टी लागलेले बुडाचे थर. दुकानातल्या गोणीत आहे. कंपनी परत घेते, पण कुरियर आपल्या खर्चाने, आणि तो 140 रुपये सांगतो. सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकलं तर हे कसलं प्लॅस्टिक ते कोणाला कळणार नाही. म्हणून आता प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला त्रिकोणात 5चा आकडा काढतो, पॉलिप्रॉपिलिनची खूण. लेकीची कल्पना. मग सहज रीळ उलटून बघितलं. तार ज्यावर गुंडाळलीय ती जाड काळी चकती 230 ग्रॅमची, मास्क मोजायचे तर 90हून जास्त. तिच्यावर कुठलीच खूण नाही. कंपनीला लिहिलंय, पुठ्ठ्याचं रीळ करा. उत्तर यायचंय.

तुम्ही घ्यावं का? फवारणी, पाइप, टाकी, औषध असलं काम असेल, 0.6चं नोझल असेल आणि पहिलं पाव किलो वाया घालवायची तयारी असेल तर घ्या. तोच माल साध्या पुनर्वापरित पॉलिप्रॉपिलिनच्या नावाने 1,300ला मिळाला तर तो घ्या, मास्कच्या नावाचे 450 रुपये उगाच. शोभेच्या वस्तूंसाठी घेऊ नका. उघड्यावर, पाण्यात, उन्हात राहणाऱ्या कशासाठीही घेऊ नका, कंपनीने कागदावर 'सागरी वापरासाठी उपयुक्त' लिहिलं असलं तरी. मी पाचात अडीच देतो, त्यातला एक झाकणाचा.

रिळावर आता साधारण 90 ग्रॅम तार उरलीय. कड धरून एका झाकणाला 51 लागतात. वहीत नोंद दोन झाकणांची आहे, दोघांकडून आगाऊ पैसे घेतलेत. दुसऱ्या गिऱ्हाइकाला अजून काही बोललेलो नाही.